राक्षसांना एकदा सुट्टी द्या: ‘डॉक्टर हू’च्या निर्मात्यांना खुले पत्र

‘डॉक्टर हू’चे निर्माते आणि लेखक,
बीबीसी यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पत्र कुठे चाललंय याची धास्ती नको. आम्हाला एक गोष्ट हवी आहे. तुमच्या मालिकेतला कालप्रवासी डॉक्टर आपल्या कालयानातून, टार्डिसमधून, भूतकाळात उतरेल, तिथे माणसं भेटतील, गोंधळ उडेल, पोट धरून हसू येईल, दोन-चार जण जिवानिशी जातीलही. पण या सगळ्यामागे दुसऱ्या ग्रहावरून आलेलं कोणी नसेल. राक्षस नाही, यंत्रमानव नाही, आकाशातून पडलेलं अंडं नाही. निव्वळ इतिहास, आणि तोही विनोदी.

असलं काही जमत नाही म्हणायची तुम्हाला सोय नाही, कारण तुमच्याच घरात ते साठ वर्षांपूर्वी झालेलं आहे. १६ जानेवारी ते ६ फेब्रुवारी १९६५, चार शनिवार, चार भाग: ‘द रोमन्स’. लेखक डेनिस स्पूनर, दिग्दर्शक क्रिस्टोफर बॅरी, निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट. पहिला भाग १ कोटी ३० लाख लोकांनी पाहिला होता. तेव्हा राक्षसाशिवाय प्रेक्षक येत नाहीत, ही सबबही बाद.

पत्र तुमच्या नावाने असलं तरी वाचणारी मंडळी मराठी आहेत, म्हणून कथानक थोडक्यात सांगणं भाग आहे. इसवी सन ६४, जुलै महिना. डॉक्टर आणि त्याचे सोबती व्हिकी, इयन आणि बार्बरा रोमच्या उत्तरेला एका व्हिलात जवळपास महिनाभर ठाण मांडून बसलेत. घराचे मालक बाहेरगावी, आणि हे चौघं द्राक्षं खात लोळतायत. डॉक्टरला कंटाळा येतो. तो व्हिकीला घेऊन रोमकडे निघतो, आणि वाटेत झुडपात एका वादकाचं प्रेत सापडतं. मॅक्सिमस पेट्युलियन, लायर हे तंतुवाद्य वाजवणारा, कॉरिंथचा नामांकित. डॉक्टर त्याचं वाद्य हातात घेतो न घेतो तोच एक शिपाई येऊन त्यालाच पेट्युलियन समजतो. नकार देण्याऐवजी आपला म्हातारा खूश होऊन ‘होय, मीच तो’ म्हणतो, आणि थेट नीरोच्या दरबारात जाऊन पोचतो. वाद्य वाजवता येत नाही, ही बारीकशी अडचण. तिकडे गुलामांचे व्यापारी व्हिलात घुसतात. बार्बरा त्यांच्या डोक्यात हाणायला मडकं उचलते आणि ते बसतं इयनच्या टाळक्यात. दोघंही विकले जातात. इयन गलबतावर वल्ही मारायला आणि पुढे आखाड्यात. बार्बरा लिलावातून नीरोच्या राजवाड्यात.

इथून पुढे जे होतं तो शुद्ध फार्स आहे. मराठी रंगभूमीवर फार्स पाहत वाढलेल्या कुणालाही हे गणित लगेच ओळखू येईल: एका दारातून बार्बरा बाहेर, त्याच क्षणी दुसऱ्या दारातून डॉक्टर आत. एकाच वाड्यात दोघं दिवसभर फिरतात, एकमेकांना दिसत नाहीत. नीरो बार्बराच्या मागे, नीरोची बायको पॉपिया नीरोच्या मागे. व्हिकीला राजवाड्यातली अधिकृत विषकन्या भेटते, लोकस्टा. (ही बाई खरी होती बरं का, विष देण्याच्या कामासाठी नीरोच्या काळात तिचं नाव गाजलं होतं.) पॉपियाने बार्बरासाठी मागवलेलं विष व्हिकी गुपचूप दुसऱ्या पेल्यात जाऊ देते, आणि डॉक्टरला अगदी सहज सांगते की बहुधा मी नीरोला विष दिलंय. डॉक्टर धावत जाऊन सम्राटाला सावध करतो. नीरो पेला शेजारच्या नोकराला देतो. नोकर पितो आणि कोसळतो. नीरोचा चेहरा म्हणतो, अरेच्चा, खरंच होतं की! आपल्याला हसू येतं, आणि मागोमाग स्वतःच्याच हसण्याचं थोडं वाईट वाटतं. चार भागांत स्पूनर ही गोष्ट पुन्हा पुन्हा करतो, आणि माझ्या मते याच कारणासाठी ‘द रोमन्स’ जपून ठेवण्याजोगा आहे.

मेजवानीचा प्रसंग तर कुठल्याही लेखनवर्गात दाखवावा. डॉक्टरला अखेर सगळ्यांसमोर वाजवावंच लागतं. तो गंभीरपणे जाहीर करतो की ही नवी रचना इतकी तरल आहे की ज्यांचे कान खरोखर तयार आहेत त्यांनाच ती ऐकू येईल. मग तारांना स्पर्शही न करता बोटं हवेत फिरवतो. संपूर्ण शांतता. पाहुणे डोळे मिटून डोलू लागतात, आणि शेवटी टाळ्या. सम्राटाला काहीच ऐकू आलेलं नाही, पण तसं म्हणणार कसं? राजाच्या नव्या कपड्यांची ही गोष्ट आपणच हॅन्स अँडरसनला सुचवली होती, असंही डॉक्टर नंतर ठोकून देतो. डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलला चिडका म्हातारा म्हणून लक्षात ठेवणाऱ्यांनी ही पाच मिनिटं पाहावीत. त्याच्या डोळ्यांत शाळकरी पोराचा आनंद आहे. मारेकरी खोलीत शिरल्यावर तो ज्या उत्साहाने बाह्या सरसावून कुस्तीला उभा राहतो, तोही तसाच. (मारेकऱ्याला खिडकीबाहेर ढकलायचं काम मात्र व्हिकी करते.)

टाळ्या दुसऱ्याला मिळाल्या म्हणून नीरो जळफळतो आणि पेट्युलियनला आखाड्यात सिंहांपुढे वाजवायला लावायचं ठरवतो. डॉक्टरला त्याचा सुगावा लागलेला असतो, म्हणून तो सम्राटाच्या तोंडावर निरागसपणे दात, चावे आणि गर्जनांवरच्या कोट्या करत राहतो. आपलं गुपित याला कळलं कसं, या कोड्याने नीरो हैराण. डेरेक फ्रान्सिसचा हा नीरो लठ्ठ, बालिश आणि धोकादायक आहे. खरा नीरो त्या जुलैत २६ वर्षांचा होता आणि फ्रान्सिसने चाळिशी ओलांडलेली होती, पण हा हिशेब भूमिका रंगल्यावर कोण करतो?

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्या मुद्द्याकडे येते.

रोमला आग कोणी लावली? रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की आग लागली तेव्हा नीरो रोमबाहेर, अँटियमला होता. शहराच्या चौदा विभागांपैकी चारच शाबूत राहिले, तीन जमीनदोस्त झाले. आणि नीरो त्या वेळी ट्रॉयच्या विनाशाचं गाणं गात होता ही अफवा होती. स्पूनरने अफवा उचलली, कारण विनोदी लेखकाला सत्यापेक्षा अफवा जास्त कामाची. त्याच्या गोष्टीत नीरोला नवं रोम बांधायचंय आणि सिनेट परवानगी देत नाही. टेबलावर शहराचा नकाशा पसरलेला आहे. डॉक्टरच्या पाठीमागे धरलेल्या चष्म्याच्या काचेतून ऊन पडतं, नकाशा पेट घेतो. नीरो आधी भडकतो आणि मग त्याचे डोळे चमकतात. जुनं शहर जाळलं तर सिनेट काय करणार?

एवढंच. एका म्हाताऱ्याचा गबाळेपणा आणि एका सत्ताधीशाची हौस. शहर जाळायला तेवढं पुरतं. शेवटी टेकडीवरून जळणारं रोम दिसतं. व्हिकी म्हणते, ही कल्पना तुमचीच. डॉक्टर आधी कानावर हात ठेवतो, मग त्याच्या लक्षात येतं आणि तो हसायला लागतो. हार्टनेलचं ते हसू थांबतच नाही. खाली माणसं होरपळतायत आणि आपला नायक हसतोय! काही महिन्यांपूर्वीच, १९६४च्या ‘द अॅझ्टेक्स’मध्ये, इतिहासाची एक ओळही बदलता येणार नाही म्हणून याच डॉक्टरने बार्बराला दटावलं होतं. इथे त्याने ओळ बदलली नाही; ती लिहिण्यात त्याचा हात होता, एवढंच. माझ्या पाहण्यात या मालिकेतला हा सर्वांत अस्वस्थ करणारा शेवट आहे, आणि तो एका फार्सचा शेवट आहे.

याच्या शेजारी १९८२चा ‘द व्हिजिटेशन’ ठेवा. सन १६६६, लंडनची मोठी आग. ती पुडिंग लेनमधल्या बेकरीतून सुरू झाली हे तुमच्याकडची शाळकरी मुलंही सांगतील. मालिकेत मात्र ती परग्रहावरच्या सरड्यांच्या शस्त्रामुळे लागते. बेकरीवाला सुटला! ‘द फायर्स ऑफ पॉम्पेई’त, २००८ साली, व्हेसुव्हियस पेटतो तो डोंगरात दडलेल्या पाषाणराक्षसांमुळे. तो भाग उत्तम आहे, डॉक्टरला करावी लागणारी निवड अंगावर येते. रोमची आग आपण लावली नव्हती, निदान फारशी नाही, असं त्यात डॉक्टर पुटपुटतो तेव्हा जुने प्रेक्षक खूश झाले असणार. पण हिशेब बघा: ज्या आगीत खरोखर माणसांचा हात होता की नव्हता याबद्दल दोन हजार वर्षं वाद चालू आहे, तिथे १९६५च्या लेखकाने माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. आणि पुढे जसजसे राक्षस वाढले तसतसा माणूस निर्दोष सुटत गेला. शेक्सपिअर भेटला की चेटकिणी, अगाथा ख्रिस्ती भेटली की महाकाय गांधीलमाशी. गांधीलमाशीवर माझा राग नाही, तो भाग मी आवडीने पाहते. पण दर वेळी?

गंमत म्हणजे हे दार उघडलं तेही स्पूनरनेच. ‘द रोमन्स’नंतर सहाच महिन्यांत त्याने ‘द टाइम मेडलर’ लिहिला: १०६६ साल, आणि मठात ग्रामोफोनवर स्तोत्रं लावणारा, मनगटी घड्याळवाला एक लबाड साधू. इतिहासात विज्ञानकथेची भेसळ करण्याची ती सुरुवात होती, आणि ती झकास होती. डिसेंबर १९६६मध्ये सुरू झालेल्या ‘द हायलँडर्स’नंतर शुद्ध ऐतिहासिक कथा जवळपास बंदच झाली. मध्ये १९८२ साली ‘ब्लॅक ऑर्किड’चे दोन भाग आले, आणि ते १९२५च्या एका इंग्रजी हवेलीतलं रहस्य होतं. विनोदी ऐतिहासिक कथा म्हणाल तर ‘द रोमन्स’, डोनाल्ड कॉटनचे ‘द मिथ मेकर्स’ आणि ‘द गनफायटर्स’, संपली यादी. शेवटच्याची तर वर्षानुवर्षं टर उडवली गेली. दाढ दुखणारा डॉक्टर अमेरिकेतल्या टूम्बस्टोन गावात दंतवैद्य शोधायला जातो आणि त्याला मिळतो पिस्तूलबाज डॉक हॉलिडे. या कल्पनेवर जो हसत नाही त्याच्याशी माझं जमणं कठीण आहे.

एक आक्षेप मला स्वतःलाच मांडला पाहिजे. नीरो राजवाड्याच्या बोळांतून बार्बराच्या मागे धावतो ते दृश्य १९६५मध्ये हशा मिळवण्यासाठी लिहिलं होतं. आज ते पाहताना मला हसू येत नाही. ती विकत घेतलेली बाई आहे, तिला नाही म्हणायचा अधिकार नाही, आणि पाठलाग करणारा तिचा मालक आहे. बार्बरा झालेली जॅकलिन हिल तो प्रसंग जितका ताठ मानेने निभावते तितका तो लिहिलेला नाही. पण बाकीच्या कथेला याची जाणीव नाही असंही नाही. त्याच भागांत लिलावाचा चौथरा आहे, वल्ह्याला जखडलेला इयन आहे, कोठडीतली आजारी गुलाम बाई आहे, जिला धीर देताना पाहून राजवाड्यासाठी गुलाम घेणारा टॅव्हियस बार्बराला विकत घ्यायचं ठरवतो. आणि शेवटी त्याच टॅव्हियसच्या हातात एक लहानसा क्रूस दिसतो. आगीचा दोष पुढे ख्रिश्चनांवर ढकलला गेला हे ज्याला माहीत आहे त्याच्या घशात घास अडकतो. आज कोणी लिहिलं तर हसण्याचा रोख सम्राटावर ठेवता येईल, पळणाऱ्या बाईवर नाही. तेवढी समज तुमच्या लेखकांत नक्की आहे.

आहे, हे मी कशावरून म्हणते? ‘डीमन्स ऑफ द पंजाब’वरून. ११ नोव्हेंबर २०१८ला आला तो भाग, लेखक विनय पटेल. सन १९४७, फाळणी. परग्रहावरचे जीव त्यात आहेत; पण ते खुनी वाटतात आणि निघतात बेवारस मरणाऱ्यांच्या शेवटच्या क्षणाला साक्षी राहणारे. खून करतो तो सख्खा भाऊ. आम्ही भारतीय प्रेक्षकांनी तो भाग श्वास रोखून पाहिला, कारण भीती एकच होती: आमच्या घरातल्या भांडणाचं खापर तुम्ही एखाद्या हिरव्या राक्षसावर फोडाल की काय. तुम्ही नाही फोडलंत. म्हणजे ती जबाबदारी माणसांवर ठेवता येते हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. आता तीच गोष्ट हसवत करायची, आणि ते दोन-चार साक्षीदार जीवही घरी ठेवायचे. आमचा हक्क सांगायचाच तर आणखी एक सांगते: १९६३मध्ये या मालिकेची पहिली कथा दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन लखनौत जन्मले आणि त्यांचं बालपण मुंबईत गेलं. तेव्हा मुंबईकडून आलेल्या सूचनेला परकी समजू नका.

पैशांचं काय, असं विचाराल तर उलट तुमचे वाचतील. ‘पॉम्पेई’साठी तुम्ही रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओपर्यंत गेलात. ‘द रोमन्स’ हॅमरस्मिथच्या रिव्हरसाइड स्टुडिओत उरकला, सिंह जुन्या फिल्ममधून उचलले, जळणारं रोम म्हणजे छोटी प्रतिकृती. रबरी मुखवटे नकोत, संगणकी शेपट्या नकोत. चांगले नट, भरपूर दारं, आणि पुढचा वाक्याचा वार कधी करायचा हे कळणारा लेखक एवढंच भांडवल लागतं.

विषयही सुचवून ठेवते. इंग्लंड, सप्टेंबर १७५२. नवी दिनदर्शिका लागू झाली, आणि २ सप्टेंबरच्या बुधवारनंतर उजाडला तो १४ सप्टेंबरचा गुरुवार. मधले अकरा दिवस कायद्याने गायब. त्याआधीचं १७५१ हे वर्ष तर २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरलाच संपलं होतं, जेमतेम २८२ दिवसांचं. आता एका कालप्रवाशाने सोबतीणीला सांगावं की चल, तुला ७ सप्टेंबर १७५२चं लंडन दाखवतो. टार्डिसने काय करावं? भाडं अकरा दिवस आधी मागणारा घरमालक, पगार अकरा दिवस कापू पाहणारा शेठ, वाढदिवस हरवलेलं पोर, आणि डॉक्टरने दिलेलं, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेल्या तारखेचं भेटीचं वचन. ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणून लोकांनी दंगली केल्या असं पुढे सांगितलं गेलं. त्या दंगलींना धड पुरावा नाही, होगार्थच्या एका निवडणूक-चित्रातल्या फलकाने त्यांना हवा दिली. म्हणजे नीरोच्या गाण्यासारखी इथेही तयार अफवा हजर आहे.

आणि खलनायकही शोधायला नको. लॉर्ड्सच्या सभागृहात हे विधेयक मांडलं लॉर्ड चेस्टरफील्डने. नंतर मुलाला लिहिलेल्या पत्रात तो कबूल करतो की त्यातलं खगोलशास्त्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याने फक्त वाक्यं डौलदार केली, आवाज लावला, हातवारे केले, आणि उमरावांना वाटलं की आपल्याला सगळं समजलं. त्याच्यानंतर मॅक्लिसफील्ड बोलला. तो खरा गणिती होता. त्याला तितकी दाद मिळाली नाही. तारांना हात न लावता टाळ्या घेणारा माणूस इतिहासाने तुम्हाला आयता काढून दिला आहे. त्या सभागृहात श्रोत्यांत डॉक्टरला बसवा आणि चेस्टरफील्डला एकच अवघड प्रश्न विचारायला लावा. पुढचे दोन भाग आपोआप लिहिले जातील.

आपली,
एक प्रेक्षक

ता. क. वर ‘द मिथ मेकर्स’चं नाव घेतलं. ट्रॉयच्या वेढ्यावरचे ते चार भाग १९६५च्या शरद ऋतूत दाखवले आणि नंतर बीबीसीनेच गमावले. आवाज तेवढा शिल्लक आहे. तीन भाग डॉक्टरला झ्यूस समजणारे ग्रीक आणि वेंधळा पॅरिस यांनी हसवून चौथ्या भागात शहराची कत्तल दाखवणारी ही कथा नुसती ऐकूनही अंगावर काटा येतो. हरवलेल्या भागांची अॅनिमेशनं तुम्ही करताच आहात, तर हिला यादीत वर घ्या. चित्रकारांनी बजेटची तक्रार केली तर सांगा, घोडा लाकडाचा आहे, त्याला पाय हलवावे लागत नाहीत.